न्यू ऑर्लीन्सचं झेवियर आणि फर्स्ट इयरचं केमिस्ट्री

झेवियर्स म्हटलं की मुंबईकराला धोबी तलावाजवळची ती दगडी इमारत आठवते आणि गोंयकाराला जुन्या गोव्याच्या बासिलिकेतली चांदीची पेटी. दोन्हीकडे नाव एकाच संताचं, फ्रान्सिस झेवियरचं. त्याच संताच्या नावाचं एक विद्यापीठ अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्स शहरात आहे. विद्यार्थी तीन-साडेतीन हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजएवढेच. पण अमेरिकेतल्या कुठल्या कॉलेजातून सगळ्यात जास्त कृष्णवर्णीय मुलंमुली डॉक्टरकीला जातात असं विचारलं, तर अनेक वर्षं पहिलं नाव या छोट्या विद्यापीठाचं येत आलंय. त्याच्या कितीतरी पट मोठी, गडगंज विद्यापीठं यादीत त्याच्या खाली असतात.

हे कसं झालं, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. कारण ‘समाजाच्या गरजा ओळखून आम्ही नवे अभ्यासक्रम सुरू करतो’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक प्रॉस्पेक्टसमध्ये असतं, कॅथलिक विद्यापीठांच्या तर पहिल्याच पानावर. गरज ओळखायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आपल्याकडे नवा कोर्स म्हणजे गेटवर फ्लेक्स, उद्घाटनाला साहेब, पहिल्या वर्षी अकरा मुलं आणि तिसऱ्या वर्षी ‘पुरेशा विद्यार्थीसंख्येअभावी’ कुलूप. न्यू ऑर्लीन्सच्या झेवियरची गोष्ट शंभर वर्षांची आहे आणि तिच्यात हा सगळा प्रकार उलगडून बघता येतो, म्हणून तीच घेतो.

आधी थोडं कॅथलिक विद्यापीठ या प्रकाराबद्दल. अशी विद्यापीठं बहुतेक वेळा एखाद्या धर्मसंघाने काढलेली असतात. जेझुइट धर्मगुरूंचा संघ त्यात सगळ्यात माहितीतला, मुंबईचं झेवियर्स त्यांचंच. काही विद्यापीठं धर्मभगिनींच्या संघांनी काढली, काही थेट बिशपच्या अखत्यारीतली. १९९० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी या विद्यापीठांसाठी एक घटनाच जाहीर केली. तिचा मथितार्थ असा की हे आधी विद्यापीठ असलं पाहिजे, म्हणजे संशोधन, अध्यापन आणि शैक्षणिक स्वातंत्र्य हे सगळं इतर विद्यापीठांसारखंच. पण आपल्या काळाचे आणि आपल्या भोवतालच्या माणसांचे प्रश्न त्याने अभ्यासाचा विषय केले पाहिजेत. विद्यार्थी कॅथलिकच हवेत असं काही नाही. न्यू ऑर्लीन्सच्या झेवियरमध्ये बहुसंख्य विद्यार्थी कॅथलिक नाहीत. प्रत्येकाला थोडं धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकावं लागतं, एवढंच. आणि नाव झेवियर असलं तरी हे विद्यापीठ जेझुइटांचं नाही. ते एका श्रीमंत घरच्या मुलीने काढलं.

कॅथरीन ड्रेक्सेल तिचं नाव. जन्म १८५८, फिलाडेल्फियाचा. वडील बँकर, अमेरिकेतल्या बड्या धनिकांपैकी एक. १८८५ मध्ये ते गेले तेव्हा मागे सुमारे दीड कोटी डॉलर होते. त्यातला दहावा हिस्सा धर्मादाय संस्थांना गेला, उरलेल्याचा ट्रस्ट करून त्यांनी ठेवला. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज-उत्पन्न तिघी मुलींना. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळे मोठी पंचाईत होणार आहे.

१८८७ साली कॅथरीन रोमला पोप तेरावे लिओ यांना भेटली आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी मिशनरी पाठवा अशी विनंती तिने केली. पोप म्हणाले, मग तूच का होत नाहीस मिशनरी? १८९१ मध्ये तिने व्रत घेतलं आणि सिस्टर्स ऑफ द ब्लेसेड सॅक्रमेंट हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. काम ठरलेलं होतं, मूळ अमेरिकन आणि कृष्णवर्णीय लोकांचं शिक्षण. पुढच्या साठेक वर्षांत तिने आपल्या वाट्याचे सुमारे दोन कोटी डॉलर या कामात घातले. अमेरिकेच्या आयकर कायद्यात १९२४ साली, उत्पन्नातला बहुतेक सगळा भाग वर्षानुवर्षं दान करणाऱ्यांसाठी एक सवलत आली, तिला लोक ‘फिलाडेल्फियाच्या ननची तरतूद’ म्हणत. ती नन हीच.

आता न्यू ऑर्लीन्स. हे शहर आधी फ्रेंचांचं, मग स्पॅनिशांचं होतं, त्यामुळे तिथे कॅथलिक पुष्कळ, त्यात कृष्णवर्णीय कॅथलिकही पिढ्यान्‌पिढ्यांचे. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक तिथल्या ज्या लोकांना आदराने अर्पण केलं, ते हीच गुलामगिरी संपवणारे. पण अर्पणपत्रिकेच्या पुढच्या पंचवीस वर्षांत दक्षिणेकडच्या राज्यांनी रेल्वेचे डबे, शाळा, दवाखाने सगळंच वेगळं करून टाकलं. ‘वेगळं पण समान’ हा जो कुप्रसिद्ध न्यायनिर्णय १८९६ मध्ये झाला तो खटला याच शहरातल्या होमर प्लेसी नावाच्या माणसाचा. चर्चही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. न्यू ऑर्लीन्समध्ये जेझुइटांचं लोयोला विद्यापीठ होतं, आणि त्याचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. म्हणजे ज्या गरजेसाठी एक कॅथलिक विद्यापीठ उभं राहिलं, ती गरज निर्माण करण्यात दुसऱ्या कॅथलिक विद्यापीठाचाही हात होता. झेवियरबद्दल कौतुकाने बोलताना हे विसरून चालत नाही.

इथे आपल्याकडचा एक शब्द उपयोगी पडतो, गळती. शाळेतली मुलांची गळती आपण म्हणतो ती. पहिलीत शंभर बसली, दहावीला चाळीस उरली, मग साठ कुठल्या इयत्तेत गळाली हे बघावं लागतं. पाचवीत गळत असतील तर दहावीला कितीही जादा तास घेतले तरी ती परत येणार नाहीत. झेवियरने शंभर वर्षांत जे जे सुरू केलं ते या एका नजरेने पाहिलं की नीट समजतं. दर वेळी प्रश्न एकच होता, आपली मुलं आत्ता कुठे गळतायत?

१९१४ मध्ये गळती अगदी सुरुवातीलाच होती. शहरात सदर्न युनिव्हर्सिटी नावाची कृष्णवर्णीयांची सरकारी संस्था होती, ती राज्याने त्या वर्षी शहराबाहेर लांब, बॅटन रूजजवळ हलवली. मॅगझीन स्ट्रीटवरची तिची इमारत रिकामी पडली. आर्चबिशपच्या विनंतीवरून मदर कॅथरीनने ती विकत घेतली आणि १९१५ मध्ये तिथे सुरू केलं हायस्कूल. विद्यापीठ नाही, हायस्कूल. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ज्या शहरात मुलांना बारावीपर्यंत पोचायचीच सोय नाही तिथे विद्यापीठ काढून वर्गात बसवणार कुणाला?

दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, शिक्षक घडवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला. आपल्या जुन्या ट्रेनिंग कॉलेजसारखा. कारण लुइझियानाच्या खेड्यांतून कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळाच नव्हत्या, आणि असल्या तरी शिकवायला माणूस नव्हता. मदर कॅथरीन तिकडे शाळा बांधत होती, झेवियरमधून बाहेर पडलेल्या मुली तिथे जाऊन शिकवू लागल्या, आणि त्यांनी शिकवलेली मुलं पुढे झेवियरला आली. चक्र फिरायला लागलं. मग १९२५ मध्ये चार वर्षांचं पदवी कॉलेज झालं, आणि १९२७ मध्ये फार्मसी.

फार्मसीच का? इथे थोडं मागे जायला हवं. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतल्या सगळ्या वैद्यकीय कॉलेजांची पाहणी करून एक अहवाल दिला. त्या काळी मेडिकलच्या नावाखाली वाट्टेल ते चालायचं, प्रयोगशाळा नाही, रुग्णालय नाही, फी भरा आणि डॉक्टर व्हा. अहवालाने ही दुकानं बंद पाडली, आणि त्याबद्दल त्याचं आजही कौतुक होतं. पण निकषात बसायचं तर पैसा लागत होता, आणि कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांकडे तो नव्हता. तेव्हा अशी सात वैद्यकीय कॉलेजं होती, त्यातली पाच काही वर्षांत बंद झाली. हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली. कृष्णवर्णीय डॉक्टरांकडून फ्लेक्सनरची अपेक्षाही मोठी नव्हती. त्यांनी आपल्या लोकांत स्वच्छता शिकवावी, म्हणजे रोग गोऱ्यांपर्यंत पोचणार नाहीत, असा त्याचा एकूण सूर. बंद पडलेल्या पाचांतलं एक, फ्लिंट मेडिकल कॉलेज, न्यू ऑर्लीन्समध्येच होतं. ते १९११ मध्ये बंद झालं.

त्यामुळे १९२७ मध्ये शहरात कृष्णवर्णीय मुलाला डॉक्टर व्हायची सोयच नव्हती. मेडिकल कॉलेज काढायला रुग्णालय लागतं, ते धर्मभगिनींच्या आवाक्याबाहेरचं. फार्मसीला प्रयोगशाळा पुरते. शिवाय, हा माझा तर्क, ज्या वस्तीत डॉक्टरची फी परवडत नाही तिथे लोक आधी औषधाच्या दुकानात जातात. आपल्याकडेही ‘काहीतरी द्या हो, अंग मोडून आलंय’ हे वाक्य मेडिकलच्या काउंटरवरच जास्त ऐकू येतं. आणि फार्मासिस्टला स्वतःचं दुकान टाकता येतं, कुणा गोऱ्या मालकाच्या दारात नोकरी मागायला जावं लागत नाही. आज झेवियरची फार्मसी देशातल्या कृष्णवर्णीय फार्मासिस्टांच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक आहे.

तीसच्या दशकात विद्यापीठ वॉशिंग्टन अव्हेन्यूवर, गर्ट टाउन नावाच्या वस्तीशेजारी, कालव्याच्या कडेला आलं. तिथल्या इमारतींची छपरं हिरवी आहेत, त्यामुळे ती हायवेवरून लांबूनच ओळखू येतात.

मग आलं १९५५. मदर कॅथरीन वयाच्या ९६व्या वर्षी वारली आणि वडिलांच्या मृत्युपत्रातली ती अट पुढे उभी राहिली. तिघी बहिणींपैकी कुणालाच मूल नव्हतं, त्यामुळे मुद्दल मृत्युपत्रात नावं असलेल्या संस्थांकडे गेलं. तिचा स्वतःचा संघ त्या यादीत नव्हता, कारण मृत्युपत्र झालं तेव्हा संघच नव्हता. ज्या झऱ्यावर सगळं चाललं होतं तो एका दिवसात आटला. एकाच दात्याच्या जिवावर चालणाऱ्या संस्थेचं हे दुखणं आपल्यालाही अनोळखी नाही. झेवियर तगलं, पण इथून पुढे प्रत्येक नवा अभ्यासक्रम म्हणजे फी, सरकारी अनुदान, फाउंडेशनांकडे अर्ज आणि माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरणं असं गणित झालं.

हे गणित ज्याने सत्तेचाळीस वर्षं मांडलं तो माणूस नॉर्मन फ्रान्सिस. जन्म १९३१, लुइझियानातल्या लाफायेटचा, न्हाव्याचा मुलगा. १९५२ मध्ये झेवियरचा पदवीधर झाला. त्याच लोयोला विद्यापीठाच्या लॉ स्कूलने अखेर दार किलकिलं केलं तेव्हा आत गेलेला आणि १९५५ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी तो. १९६१ मध्ये, बसमधला वर्णभेद मोडायला निघालेले फ्रीडम रायडर्स अलाबामात मार खाऊन न्यू ऑर्लीन्सला आले तेव्हा त्यांना शहरात कुणी जागा देईना; फ्रान्सिस तेव्हा झेवियरमध्ये डीन होता, त्याने त्यांची सोय वसतिगृहात केली. १९६८ मध्ये तो अध्यक्ष झाला. तोवर हे पद गोऱ्या धर्मभगिनींकडेच असे. कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या विद्यापीठाला कृष्णवर्णीय प्रमुख मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, हेही नोंदवून ठेवायला हवं. निवड झाली तो दिवस ४ एप्रिल, मार्टिन ल्यूथर किंगना गोळी लागली तोच.

फ्रान्सिसच्या काळात जे झालं ते मला या सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतं, आणि ते कुठल्याही नव्या पदवीच्या नावात सापडत नाही.

अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएस नसतं. आधी चार वर्षांची पदवी, त्यात केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्सचे ठरावीक विषय, मग प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल. म्हणजे डॉक्टर होणार की नाही हे बरंचसं पदवीच्या पहिल्या वर्षीच ठरतं, आणि ते ठरवतो केमिस्ट्रीचा पेपर. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत हा पेपर चाळणीसारखा वापरतात. तीनशे मुलांच्या हॉलमध्ये प्राध्यापक बोलून जातात, निम्मी मुलं सहामाहीत गारद होतात, आणि ‘डॉक्टरकी सगळ्यांच्या नशिबी नसते’ म्हणून दुसरा विषय घेतात. ज्यांच्या शाळेत धड प्रयोगशाळा नव्हती ती आधी गळतात.

झेवियरकडे येणारी मुलं बहुतांशी अशाच शाळांतली होती. तिथल्या विज्ञान शिक्षकांनी, त्यात केमिस्ट्रीचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. कारमायकल पुढे होते, सत्तरच्या दशकात चाळणी उलटी धरली. मुलगा नापास झाला तर तो ढ आहे असं आधीच ठरवायचं नाही, आपण त्याला काय शिकवायचं राहिलं ते शोधायचं. १९७७ मध्ये त्यांनी ‘सोर’ नावाचा उन्हाळी वर्ग सुरू केला, कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत. सोर म्हणजे तर्काने विचार करण्यावर भर. मुलं जोडीने बसत. एकाने गणित सोडवताना डोक्यात जे जे चाललंय ते मोठ्याने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं, उत्तर सांगायचं नाही, पण पायरी सुटली की अडवायचं.

हे कसं चालतं त्याचा माझाच एक नमुना देतो. गणित असं: नऊ ग्रॅम ग्लुकोज विरघळवून अर्धा लिटर द्रावण केलं, तर मोलॅरिटी किती? पहिली म्हणते, “ग्लुकोजचा एक मोल एकशे ऐंशी ग्रॅमचा. नऊ भागिले एकशे ऐंशी, शून्य पॉइंट शून्य पाच. आता अर्धा लिटर आहे, म्हणजे निम्मं करायचं, शून्य पॉइंट शून्य दोन पाच.” दुसरी म्हणते, “थांब. निम्मं का?” पहिली गप्प. मग, “मोलॅरिटी म्हणजे एका लिटरमागे किती... म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये एवढं असेल तर एका लिटरमध्ये दुप्पट! शून्य पॉइंट एक.” एकटीने बसून सोडवलं असतं तर चुकीचं उत्तर लिहून ती पुढे गेली असती, आणि पेपर हातात आल्यावर आपल्याला केमिस्ट्री जमत नाही अशी समजूत करून घेतली असती. खरं तर केमिस्ट्री जमत होतीच, भागाकाराच्या जागी घाईने गुणाकार झाला होता.

वर्ष सुरू झाल्यावर हाच खाक्या पुढे चाले. सगळ्या तुकड्यांना एकच क्रम, प्राध्यापकांनी स्वतः लिहिलेल्या वर्कबुका, आठवड्याला चाचणी, चाचणीआधी घोटून घ्यायचा वेगळा तास, वरच्या वर्गातली मुलं खालच्यांची शिकवणी घेणार. मोठ्या शहरातल्या प्राध्यापकांनी याला ‘चमच्याने भरवणं’ म्हटलं असेल. असेना. आपल्या आजोबांच्या पिढीला पाढे असेच आले. पहिल्या वर्षी भरवायचं आणि वरच्या वर्षांत हळूहळू चमचा काढून घ्यायचा, अशी ही पद्धत.

पुढची गळती अर्जाशी होती. मेडिकलचा अर्ज म्हणजे निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, आणि अर्ज जितका लवकर तितकी संधी जास्त. ज्याच्या घरात कुणी डॉक्टर आहे त्याला हे जेवणाच्या टेबलावर कळतं. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलंय तो शेवटच्या तारखेला अर्ज टाकतो आणि गुण असून राहतो. झेवियरच्या प्रीमेड ऑफिसने ही जेवणाच्या टेबलावरची माहिती नोटीस बोर्डावर आणली. कुठल्या महिन्यात काय करायचं, निबंध कुणाला दाखवायचा, परीक्षा कधी द्यायची, सगळं आखून दिलेलं, आणि मागे लागायला कारमायकलसारखा माणूस. नव्वदच्या दशकापासून झेवियर त्या यादीत वर गेलं ते अशा कारकुनी वाटणाऱ्या कामांमुळे. ओबामांच्या काळात देशाच्या सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या सरकारी प्रमुख, झालेल्या रेजिना बेंजामिन याच कॉलेजच्या विद्यार्थिनी.

अभ्यासक्रम म्हणजे विषयांची यादी, हा समज अशा जागी मोडतो. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने २०१५ मध्ये गरीब घरच्या मुलांसाठी अरुपे कॉलेज नावाचं दोन वर्षांचं कॉलेज काढलं, तर त्यात विद्यार्थ्यांच्या न्याहरी-जेवणाचीही सोय ठेवली, कारण उपाशी मुलगा दुपारच्या तासाला टिकत नाही. आपल्या मुंबईच्या झेवियर्समध्ये २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र चालतं. तिथे गळती पुस्तकाशी होती. प्रवेश मिळतो, पण पाठ्यपुस्तक वाचणार कसं? पुस्तकं स्कॅन करून संगणकाने वाचून दाखवायची सोय तिथे झाली, आणि मग लक्षात आलं की पुस्तकाची अशी प्रत करायला कॉपीराइट कायदाच आड येतो. तेव्हा कायदा बदलायच्या चळवळीतही केंद्र उतरलं, आणि २०१२ मध्ये कायदा बदलला. कॉलेजातली अडचण सोडवायला निघालेली माणसं थेट दिल्लीपर्यंत पोचली ती अशी.

न्यू ऑर्लीन्सकडे परत येतो. २९ ऑगस्ट २००५, कॅटरिना वादळ. बंधारे फुटले, कालव्याकाठचं झेवियर पाण्यात गेलं. वसतिगृहांत अडकलेल्या मुलांना बाहेर काढावं लागलं. लोक म्हणत होते, आता हे कॉलेज उभं राहत नाही. फ्रान्सिसने जाहीर केलं की जानेवारीत वर्ग भरणार. १७ जानेवारी २००६ ला वर्ग भरले, सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी परत आले. मुलांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून जानेवारी ते ऑगस्टमध्ये दोन सत्रं कोंबून बसवली, आणि ऑगस्टमध्ये पदवीदान झालं. पाहुणे होते बराक ओबामा नावाचे एक नवखे सिनेटर.

वादळाने दुसरंही एक नुकसान केलं. चॅरिटी हॉस्पिटल, १७३६ पासूनचा गरिबांचा दवाखाना, बंद झाला तो कायमचा. आरोग्याची गरज पुन्हा उघडी पडली. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के, डॉक्टरांत मात्र पाच-सहा टक्के. झेवियरने ओख्सनर या लुइझियानातल्या मोठ्या रुग्णालय-समूहाशी हात मिळवला, आणि दोघांनी मिळून आधी फिजिशियन असिस्टंटसारखे (डॉक्टरच्या जोडीने रुग्ण तपासणारा सहायक) आरोग्याचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणले. धर्मभगिनींना १९२७ मध्ये जे जमण्यासारखं नव्हतं, ते, म्हणजे रुग्णालय, आता भागीदाराकडे होतं. २०२४ मध्ये दोघांनी मिळून वैद्यकीय महाविद्यालय उभारायचा करार केला. झेवियर ओख्सनर कॉलेज ऑफ मेडिसिन.

करार झाला म्हणजे कॉलेज झालं असं मात्र नाही, आणि इथे प्रक्रियेचा कंटाळवाणा पण महत्त्वाचा भाग येतो. आपल्याकडे अभ्यास मंडळ, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद अशा पायऱ्या असतात तशा तिथेही आहेत. आधी विभागातले प्राध्यापक प्रस्ताव लिहितात, मग अभ्यासक्रम समिती तो झोडपते, मग विश्वस्त पैशांचं विचारतात. झेवियरच्या विश्वस्त मंडळात १९७० च्या सुमारापासून धर्मभगिनी आणि बाहेरची माणसं दोन्ही आहेत. त्यानंतर बाहेरची मान्यता. ही सरकार देत नाही, स्वायत्त मान्यता मंडळं देतात, आपल्या नॅकसारखी पण अधिक दात असलेली. मेडिकलसाठीचं मंडळ डीन नेमलाय का, शिक्षक किती, कुठल्या वॉर्डात मुलं शिकणार, पाच वर्षांचा पैसा कुठून येणार, हे सगळं तपासतं. प्राथमिक मान्यता मिळेपर्यंत एकाही विद्यार्थ्याला प्रवेश देता येत नाही, आणि पूर्ण मान्यता मिळते ती पहिली तुकडी शेवटच्या वर्षाला पोचल्यावर. म्हणजे पहिल्या तुकडीला थोडा विश्वासावरच प्रवेश घ्यावा लागतो.

या अटी जाचक वाटतील. पण फ्लेक्सनरच्या आधीची दुकानं आठवली की त्या का आल्या ते कळतं, आणि फ्लिंट आठवलं की त्यांनी कुणाचा बळी घेतला तेही.

झेवियरचं सगळंच छान आहे असं मला म्हणायचं नाही. खासगी विद्यापीठ आहे, फी भरमसाट. निम्म्याहून जास्त विद्यार्थी कमी उत्पन्नाच्या घरांतले, केंद्र सरकारच्या पेल अनुदानावर शिकणारे. उरलेल्या फीसाठी कर्ज काढायचं आणि मेडिकलला गेलं की त्यावर आणखी मोठं कर्ज. गरिबांची गरज ओळखून काढलेला अभ्यासक्रम गरिबाला कर्जात ढकलत असेल तर हिशेबात कुठेतरी गोम आहे. आणि डॉक्टर झालेला मुलगा गर्ट टाउनमध्ये दवाखाना टाकेलच असंही नाही. तो डल्लास नाहीतर अटलांटाला गेला तर त्याला दोष कसा द्यायचा? आणखी एक जुना आक्षेप आहेच. वेगळं कॉलेज काढणं म्हणजे वेगळेपणाला मान्यता देणं नव्हे का? मदर कॅथरीनच्या हयातीतही तो होता. तिच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की लोयोलाचं दार उघडेपर्यंत थांबायचं ठरलं असतं तर १९१५ च्या मुलांच्या नातवंडांना प्रवेश मिळाला असता, आणि त्या दारातून आत गेलेला पहिला मुलगाही आला होता झेवियरमधूनच.

पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी १ ऑक्टोबर २००० ला कॅथरीन ड्रेक्सेलला संतपद दिलं. जेफरसन डेव्हिस, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष, याच्या नावाचा रस्ता झेवियरच्या शेजारून जायचा. आता त्या रस्त्याला नॉर्मन फ्रान्सिसचं नाव आहे. फ्लिंट बंद पडल्याला २०२४ मध्ये एकशे तेरा वर्षं झाली होती.